पान चौऱ्याण्णवचं शुद्धिपत्र

द्वारका, नवी दिल्ली
२३ नोव्हेंबर

चि. सौ. मैत्रेयी हिला भावोजींचे आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? शांतारामरावांनी सकाळचं फिरणं पुन्हा सुरू केलं असं तू फोनवर म्हणालीस, पण त्याच वेळी मागून त्यांचा आणि टीव्हीचा असे दोन्ही आवाज येत होते, त्यामुळे माझा पूर्ण विश्वास बसलेला नाही. मी ठीक आहे. जेवतो, गोळ्या घेतो, हवा वाईट असली की खिडक्या लावून बसतो. (हवा रोजच वाईट असते.) फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि मला विचारायचं आहे ते तुला एकटीला.

सरळच विचारतो. मार्चमध्ये तुझ्या विजयाताईच्या दिवसकार्यासाठी तू इथे होतीस, तेव्हा आमच्या मंडळाचे सेक्रेटरी शशिकांत यांच्याशी जिन्यात उभी राहून दहा मिनिटं काय बोलत होतीस? तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं. आता द्यावं लागतं आहे. कारण दिवाळीच्या आधी हे गृहस्थ घरी आले, दोन कप चहा प्यायले आणि म्हणाले की सोसायटीच्या खालच्या खोलीतलं विजयाचं कपाट रिकामं करावं लागेल, मंडळाच्या ढोलांना जागा नाही. तुला ते कपाट माहीत आहे. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांच्या गोष्टींची पुस्तकं, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलांना जमवून नवीन कोणतं वाचावं ते सांगायची तिची पद्धत. ती गेल्यापासून ते बंद होतं. शशिकांत पुढे म्हणाले, “पण भालचंद्रराव, तुम्ही चालवलंत तर कपाट राहील. तुम्हाला त्या पुस्तकांचं सगळं माहीत आहे असं ऐकलं.” कुणाकडून ऐकलं ते सांगेनात. नोव्हेंबरअखेर चार तरी मुलं यायला हवीत, नाहीतर ढोल, असं ठरलं.

मी उभ्या आयुष्यात कादंबरी वाचलेली नाही हे तुला माहीत आहे. चौतीस वर्षं फायली वाचल्या, त्यातली निम्मी चौकशीच्या. तरी कपाट जाऊ द्यायचं नव्हतं. (एवढंच कारण. दुसरं शोधू नकोस.) मंडळाने पुण्याहून आठ नवी पुस्तकं मागवली आणि खोकं माझ्या दारात आणून ठेवलं. मी ते उघडलं आणि पहिल्याच तपासणीत गडबड दिसली. आठांपैकी सहा पुस्तकांच्या मागे लिहिलं होतं की हे पुस्तक हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणतं. सहा अर्जदारांची शिफारसपत्रं शब्दाला शब्द सारखी आली, तर ऑफिसात आम्ही काय समजत होतो ते तुला सांगायला नको. शिवाय एकाच्या मुखपृष्ठावर तीन मुलं होती आणि आत चारांचा उल्लेख होता. चौथा कुठे होता याचा खुलासा नाही.

मग मी माझ्या रीतीने काम सुरू केलं. फाइल हातात आली की आम्ही शेवटची टिप्पणी आधी बघायचो. निर्णय काय झाला ते तिथेच कळतं, मागचं गरज पडली तर. त्याप्रमाणे आठही पुस्तकांचं शेवटचं पान वाचलं, प्रत्येकावर दोन ओळींची शिफारस लिहिली, सही केली, तारीख घातली. एका संध्याकाळीच काम आटोपलं. विजया यासाठी महिनाभर काय करत असे, असाही विचार मनात आला. तो आता मागे घेतो.

पहिल्या रविवारी एकच मूल आलं. बी ब्लॉकमधली कृतिका, अकरा वर्षांची. अकोल्याहून येऊन त्यांच्याकडे राहणारी तिची आजी उन्हाळ्यात वारली. मुलगी माझ्यासारखीच कमी बोलणारी. तिने कुत्र्याचं पुस्तक उचललं आणि विचारलं, “आजोबा, यात कोणी मरत तर नाही ना?” मी शेवटचं पान आठवलं. समुद्राच्या काठी एक मुलगी आणि तिचा कुत्रा पळत आहेत, इति. मी सांगितलं की कुणी मरत नाही. तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही, “पक्का?” म्हणाली. (तिलाही माझा संशय आला असावा. चौकशी विभागात चांगली टिकली असती.) मग मी शिफारशीखाली तिसरी ओळ लिहून दिली: “कुत्रा शेवटपर्यंत सुखरूप आहे.” आणि पुन्हा सही.

बुधवारी ती शाळेच्या गणवेशातच दारात आली. रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी सुचलं असतं. पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाली, “तो दुसरा कुत्रा आहे, आजोबा. पहिला चौऱ्याण्णव पानावर मरतो.” मग ती म्हणाली, “विजयाआजी आधी सांगायच्या. कोणत्या पानावर ते पण सांगायच्या. म्हणायच्या, ते पान शनिवारी वाच, शाळेच्या दिवशी नको.” आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेली.

सहीनिशी खोटा दाखला दिल्याचा माझ्या नोकरीतला हा पहिला प्रसंग, आणि तो निवृत्तीनंतर आला. मी पुस्तक घेऊन पहिल्या पानापासून बसलो. दोन दिवस लागले. चौऱ्याण्णव पानावर चष्मा पुसावा लागला. त्या दिवशी हवेचा आकडा चारशेच्या वर होता, त्यामुळे नेमकं कारण सांगता येणार नाही. पण एक सांगतो, तो दुसरा कुत्रा पहिल्याची जागा घेत नाही. तो फक्त पळतो. मुलगी आधी त्याच्याबरोबर पळत नाही, चाळीस पानं पळत नाही. शेवटच्या पानाला अर्थ आहे तो त्या चाळीस पानांमुळे, आणि नेमकी तीच मी वगळली होती.

शुक्रवारी नोटीस बोर्डावर, पाण्याच्या टँकरच्या सूचनेशेजारी, रीतसर शुद्धिपत्र लावलं: “दि. २ च्या शिफारशीत दुरुस्ती. कुत्रा पान ९४ वर मरतो. दुसरा कुत्रा पान १०१ वर येतो. शिफारस करणाऱ्याने पुस्तक वाचलेलं नव्हतं, आता वाचलं आहे. पुस्तक चांगलं आहे. शनिवारी वाचावं.” शशिकांत म्हणाले की यामुळे मंडळाची बेअब्रू होईल. आज खास रविवार बोलावला होता, तर सात मुलं आली, आणि सातही जणांना पान चौऱ्याण्णवच हवं होतं. हीही मधली पानं गाळणार असा मला संशय आला, कारण त्यातली तीन दारातच ते पान उघडून उभी राहिली. एकाने “लंगडत म्हणजे क्या?” असं विचारलं, तर कृतिकाने त्याला चालून दाखवलं. ती शेवटी आली होती. तिने दुसरं पुस्तक उचललं, माझ्यासमोर धरलं आणि काही न विचारता थांबली. मी म्हणालो, “यातला आजा जातो. पान साठ. मी पूर्ण वाचलंय.” तिने मान हलवली आणि पुस्तक घेऊन गेली. कपाट राहिलं. ढोल तूर्त शशिकांतांच्या बाल्कनीत आहेत.

शांतारामरावांना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझा भावोजी,
भालचंद्र

ता. क. जिन्यातल्या दहा मिनिटांचा खुलासा अजून हवा आहे.

ता. क. २. त्याचं उत्तर मला बहुधा सुचलं आहे. मुलांना विजया कोण मरतं ते सांगायची, शेवट मात्र कधीच सांगायची नाही, पण तिला तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नसे. म्हणून वीस वर्षं रोज जेवताना मला सांगायची. कादंबरी न वाचता मला तीन-चारशे पुस्तकांचे शेवट माहीत आहेत. हे फक्त तुला ठाऊक होतं. तेव्हा शशिकांतांना तू सांगितलंस ते खोटं नव्हतं, एवढं मान्य करतो.

ता. क. ३. आठांपैकी पाच पुस्तकं वाचून झाली. पाचही शेवट माझ्यापाशी पडून आहेत आणि इथे ते सांगण्यासारखं कुणी नाही. मी आठ वाजता जेवायला बसतो. तेव्हा मी फोन केला तर चालेल का? तुला काही बोलावं लागणार नाही. मीही विजयापुढे नुसतं “हूं” म्हणायचो, आणि निम्म्या वेळा माझं लक्षही नसायचं. तिला ते माहीत होतं, तरी सांगायची. फोन स्पीकरवर असला तरी हरकत नाही.