आवाज बंद करून पाहिलेलं बंदर

गुरुवार, संध्याकाळ. भिसेगाव.

सुतक म्हणून टीव्हीवर चादर टाकलीय. सासऱ्यांना जाऊन आठवडाही झाला नाही, आणि मी आतल्या खोलीत मोबाईलचा आवाज बंद करून सिनेमा बघितला. हो, बघितला! भेटायला येणाऱ्यांसमोर दिवसभर मान खाली घालून बसायचं, जीव गुदमरला होता.

सिनेमा जुना, काळापांढरा, युरोपातला. बंदरावर पिंपांमागे एक चोर लपलाय. मागावर पोलीस, समोर जहाजाची शिडी, खिशात तिकीट. तरी हा चढत नाही. अरे, चढ की मेल्या!

मला पुण्याची नोकरी लागलीय, सोमवारपर्यंत कळवायचंय. हे म्हणतात, "आत्ता आईसमोर विषय नको." मग कधी?

सासूबाई मागे कधी येऊन बसल्या, कळलंच नाही. आता ओरडणार, असं वाटलं. तर हळूच म्हणाल्या, "चढंल का गं तो?"

तेवढ्यात शिडी वर ओढली गेली. तो धक्क्यावरच उभा.

"का नाय गेला गं?"

खालची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत. मी बोलून गेले, "घरी म्हातारी आई आहे त्याची. एकटीच."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मंग बरं केलं त्यानं. गुणाचा हाय."

सिनेमात आई नव्हतीच. मीच घातली ती. का? 'तरी जायला हवं होतं त्यानं', असं त्या म्हणतील, म्हणून?