भाजी कोणाकडून शिकलात?

१३ जुलै ७८
कॉलेजच्या आहार-प्रसारासाठी झरीच्या पुढच्या गावात महिनाभर घसा कोरडा केला, एक बाई पालेभाजीकडे वळली नाही. आज घरोघर विचारलं तर अकरा घरांत तरोट्याची भाजी. बांधावरची, फुकटची. वहीतल्या तक्त्यात मीच घातलेला रकाना: 'कोणाकडून शिकलात?' सगळीकडे एकच नाव, कौसाबाई. बौद्धवाड्यातली. खुरपणाला सोबत असतात, दुपारी हळूच तिच्या डब्यातली चव घेतली म्हणे. भाषणांपेक्षा शेजारीण भारी. आमच्या मॅडम म्हणाल्या, सविस्तर लिही. खूश आहे मी, उगाच विनय कशाला.

२० जुलै
चावडीवर बैठक. कौतुक म्हणून यादी मोठ्यानं वाचली. घर, भाजी, कोणाकडून. तिसऱ्या नावालाच पुरुष एकमेकांकडे बघू लागले. तरी मी वाचत राहिले, अकराही. मूर्ख बाई मी.
नंतर सरपंच अगदी शांतपणे म्हणाले, "ताई, ती वही आमाला बघायची हाय." कॉलेजात आहे म्हटलं. पिशवीतच होती.

२४ जुलै
नऊ घरांनी दार उघडलं नाही. उरलेल्या दोघी म्हणाल्या, असली भाजी आम्ही खाल्लीच नाही. एकीच्या गालावर वळ. विचारायचं धाडस झालं नाही.
कौ. ला आता खुरपणाला कोणी बोलवत नाही. दारात भाजी निवडत होती. माफी मागितली. आधी जेवून घ्या म्हणाली. जेवले. लाज वाटली.

२८ जुलै
विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाल्याची बातमी; राग बौद्धवाड्यांवर. दुपारीच बाजार बंद. त्या गावचे दोघे कॉलेजात येऊन शिपायाला वहीचं विचारून गेले. माझं घर कुठं, तेही.

३१ जुलै
पहिल्या गाडीनं गावात. पारावर माणसं बसलेली, नजर माझ्या पिशवीवर. कौ. ला विचारलं, तुमचं नाव खोडू का?
"माझं खोडून काय व्हायचंय? सगळ्यायच्या तोंडी हाय ते. त्या बायांची खोडा ताई. त्यायला त्याच घरात राहायचंय."
तिच्यासमोर अकराही नावं शाईनं गिरवून बुजवली. परभणीला माझ्याकडे चला म्हटलं. सासू आंधळी आहे, तिला टाकून कशी येऊ, म्हणाली.

२ ऑगस्ट
गाडी झरीलाच थांबवली. कंडक्टर म्हणाला, "पुढं जायचं न्हाई. धूर दिसायलाय." कोणत्या गावाकडं, विचारलं. त्यानं नुसतं पुढच्या गावाकडं बोट दाखवलं.
पायी निघावं... निघाले नाही. भ्याले, दुसरं काही नाही.
वही मांडीवर. यादीत आता तिचं एकटीचंच नाव.
परतीचं तिकीट काढलं.