घर क्रमांक चौदा, माणसे तीन

७ जुलै

सरकारी मच्छरदाणीविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. नव्या वहीच्या पहिल्याच पानावर ती मी थंड डोक्याने नोंदवतो आहे. मच्छरदाणी आखूड आहे. मी सहा फूट एक इंच आहे. डोक्याकडून खोचली तर पाय बाहेर राहतात, पायाकडून खोचली तर टक्कल. बराच विचार करून टक्कल आत घेतलं. म्हणजे घोट्याखालचा मी कुठल्याही शासकीय योजनेत बसत नाही. वय वर्षे एक्कावन्न, पद मलेरिया विभागाचा आरोग्यसेवक, आणि पावलं अशी डासांना उघड्यावर वाढलेली!

हे सोडलं तर आगमन झकास. अर्जुनीपर्यंत बस, पुढं न्यायला आलेल्या उमेंद्रची मोटरसायकल. माझी ट्रंक माझ्याच मांडीवर, दोघांच्या मधे तपासणी किटचा डबा. चहूकडं भाताची रोवणी चालू, मागं प्रतापगडाचा डोंगर. बेहडाटोल्यात आरोग्यसेवकाला राहायला जागा नाही, म्हणून उमेंद्रच्या आईनं, धुरपताबाईनं, तिच्या घरची सपरी दिली. सपरी म्हणजे आपली ओसरी. पाहुण्याला घरातली सगळ्यात हवेशीर जागा द्यायची, अशी इथली रीत. खाटही चांगली आहे. संध्याकाळी जरा कणकण वाटली. प्रवासाची असेल. चहा घेतला, गेली.

माझी बदली इथं का झाली, तेही लिहून ठेवतो. गडचिरोलीच्या जंगलात नऊ वर्षं काढल्यावर खात्याच्या वार्षिक अंकात मी ‘डासाचे मनोगत’ लिहिलं. त्यात डास म्हणतो, साहेब, मी नुसता टपालवाला, पत्र लिहिणारा दुसराच असतो, मला काय मारता? साहेबांना वाटलं पत्र लिहिणारे म्हणजे तेच. त्यांनीही पत्र लिहिलं. बदलीचं.

११ जुलै

टोल्यात एकोणतीस घरं. चार दिवसांत प्रत्येक दारावर गेरूनं क्रमांक टाकला, रजिस्टरात माणसं लिहिली आणि एकेकाचं बोट टोचून रक्त तपासलं. हे काम सोपं आहे. पट्टीवर थेंब टाकायचा, पंधरा मिनिटं थांबायचं. एक रेघ उमटली तर माणूस ठीक, दोन उमटल्या तर मलेरिया. एकशे बत्तीस माणसं, एकशे बत्तीस एकेरी रेघा. टोला धुतल्या तांदळासारखा निघाला.

आमच्या घराला क्रमांक चौदा आला. माणसे तीन: धुरपताबाई, उमेंद्र, आणि त्याची बायको अंजू. उमेंद्र गोंदियाला राईस मिलमध्ये असतो, शनिवारी येतो. अंजूला पाचवा महिना. लग्नाला सहा वर्षं झाली, पहिलंच आहे. धुरपताबाई तिला विहिरीवर जाऊ देत नाही, आणि ती न विचारता जाते.

तिच्या जिभेला माझ्याहून धार आहे. बोट टोचल्यावर म्हणाली, काकाजी, साऱ्या टोल्याचं रक्त काढून राहिले, तुमचं कोण काढते जी? मी म्हटलं, माझं रक्त सरकारमान्य आहे, इतक्यांदा मलेरिया झाला की आता त्याला माझी लाज वाटते, दोन वर्षांत ताप नाही. ती म्हणाली, ते काही नाही, एक टोचणं तुमच्यावर उधार. माया हातानं टोचीन. मी मान्य केलं. पट्टी कशी वाचायची तेही तिनं लगेच शिकून घेतलं, आणि दारोदार जाऊन पोरांना सांगत सुटली: एक रेघ, जा घरा; दोन रेघा, साहेबाले धरा.

२० जुलै

बांबूच्या कोंबाची भाजी खाल्ली. इथं वास्ते म्हणतात. तिसऱ्यांदा वाढून घेतली, तेव्हा अंजूनं सासूला विचारलं, पाचवा महिना माया आहे की काकाजीचा?

सकाळी माझी पावलं बघून ती हसते. डास चावून चावून चाळण झाली आहे. मी सांगितलं, चावू दे, टोल्यातले सगळे डास माझ्याकडं जेवतात म्हणून तुम्ही सुखी आहात. घराघरांत मच्छरदाणीवर भाषणही देतो आहे. टाळ्या पडतात.

४ ऑगस्ट

पहिला ताप. आमच्या भिंतीला भिंत असलेलं उदारामचं घर. त्याची सून. दोन रेघा. लगेच गोळ्या सुरू केल्या. एखादा असायचाच.

१३ ऑगस्ट

सहा झाले.

टोल्याचा नकाशा काढून भिंतीला लावला. टाचण्या नव्हत्या, म्हणून अंजूनं तिच्या लाल टिकल्यांचं पाकीट दिलं. तापाचं घर आलं की तिथं टिकली. ती म्हणाली, काकाजी, माया टिकल्या तुमच्या नकाशाले जास्त शोभून राहिल्या.

मलेरिया गावभर सारखा पसरत नाही, हे मी प्रशिक्षणात पोरांना शिकवतो. चार-पाच घरांभोवती घुटमळतो. तेवढी जागा हुडकली की निम्मं काम झालं. मला ठाम वाटलं की जागा बोडीजवळची असणार. बोडी म्हणजे टोल्याच्या खालच्या अंगाचं लहान तळं. दिवसभर गुडघाभर पाण्यात उभा राहून पळीनं डासांच्या अळ्या मोजल्या, गप्पी मासे सोडले. अळ्या आहेत, पण इतर ठिकाणी असतात तेवढ्याच. आणि बोडीकाठच्या सात घरांत एकही टिकली नाही. सगळ्या टिकल्या वरच्या अंगाला, आमच्या बाजूला.

१७ ऑगस्ट

नऊ टिकल्या. महिन्यापूर्वी टोला स्वच्छ होता, मी स्वतः तपासला. म्हणजे कुणीतरी बाहेरून आणलं. रजिस्टरात एक रकाना आहे: ‘बाहेरून मुक्कामी आलेले’. माझ्याच अक्षरात त्यात ‘निरंक’ लिहिलं आहे.

बाहेर येणं-जाणं एकट्या उमेंद्रचं. त्याचं बोट तीनदा टोचलं. तिन्ही वेळा एक रेघ. तरी उदारामच्या अंगणात, चारचौघांसमोर, मी त्याला सांगितलं की खबरदारी म्हणून महिनाभर गोंदियालाच राहा. त्यानं मोटरसायकल ढकलत सडकेपर्यंत नेली, तिथं चालू केली. अंजू आज माझ्याशी बोलली नाही. जेवण मात्र गरम वाढलं.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला. आज पहाटे टोल्यानं मारबत काढली. पळसाच्या फांद्या घेऊन लोक घराघरांतून रोगराई हाकलत निघतात आणि शिवेबाहेर नेऊन टाकतात. ताप घेऊन जाय गे मारबत, खोकला घेऊन जाय गे मारबत! उदाराम सत्तरीचा आहे, सगळ्यांत पुढं तोच होता. आमच्या सपरीसमोर तो थांबला. फांदी खाटेखालून फिरवली, उशीवर झाडली, मग माझ्याकडं बघून म्हणाला की यंदा गावात काहीतरी आलं आहे. चालत नाही आलं, गाडीवर बसून आलं. त्याचा रोख उमेंद्रकडं आहे असं मला वाटलं.

मीही फांदी घेतली. शिवेपर्यंत सगळ्यांच्या पुढं ओरडत गेलो. घसा बसला आहे.

२९ ऑगस्ट

तेरा.

नकाशावर अंजूची बांगडी ठेवून बघितली. सरकवत सरकवत अशी बसवली की तेराही टिकल्या आत आल्या. मग मध्यबिंदू काढला.

मध्यबिंदू घर क्रमांक चौदावर आला.

बांगडी उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा चौदा. घरातल्यांना परत तपासलं. धुरपताबाई एक रेघ. अंजू एक रेघ. उमेंद्र इथं नाही. सगळे स्वच्छ, आणि तरीही मधोमध हेच घर. आजूबाजूची पेटलेली आणि मधलं तेवढं कोरडं, असं नऊ वर्षांत कधी पाहिलं नाही. या घरात काहीतरी आहे जे माझ्या रजिस्टरात नाही — हे वाक्य लिहून मी मागं वळून बघितलं. सपरीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

५ सप्टेंबर

अंजूला दुपारी थंडी वाजली. दोन घोंगड्या टाकल्या तरी खाट हलत होती.

पट्टी तिनं स्वतः धरली. पंधरा मिनिटं कशाला, पाचव्यालाच दिसलं. म्हणाली, साहेबाले धरा. हसायचा प्रयत्न केला.

सातवा महिना. गाडी बोलावली आहे. उमेंद्रला फोन लागत नाही. तो इथं असता तर — त्याला मी —

६ सप्टेंबर

गोंदियाला दाखल. उमेंद्र तिथं पोचला. डॉक्टरांनी लगेच सगळं सुरू केलं. मी परत आलो, टोल्यात अजून चार तापाचे आहेत.

टिकल्यांच्या पाकिटात एकच उरली होती. ती कुठं लावायची ते माहीत होतं. लावली नाही.

८ सप्टेंबर

बाळ गेलं. पोटातच.

मुलगी होती.

अंजू वाचली, असं उमेंद्र फोनवर म्हणाला. महिनाभर लांब ठेवल्याबद्दल मला काही बोलला असता तर बरं झालं असतं.

९ सप्टेंबर

धुरपताबाई चुलीपुढं बसून होती. मी रजिस्टर उघडलं, काहीतरी करायला पाहिजे म्हणून. मोठ्यानं वाचलं: घर क्रमांक चौदा, माणसे तीन.

ती वळली नाही. म्हणाली, तीन कशी भाऊ? दोन महिने झाले, पोरगा आला की मी चार ताटं वाढतो ना जी.

१० सप्टेंबर

चार.

एकशे बत्तीस बोटं टोचली. एकशे तेहतिसावं —

सात जुलैला आलो. पहिला ताप चार ऑगस्टला. डासाच्या पोटात दहा-बारा दिवस, माणसाच्या अंगात दहा-बारा दिवस. हा हिशेब मी पोरांना फळ्यावर करून दाखवतो. बरोबर बसतो.

ज्याला ताप येत नाही तोच सगळ्यात धोकादायक. हेही मीच शिकवतो. या वाक्याला खडूनं खाली रेघ मारतो.

ती कणकण —

११ सप्टेंबर

टपालवाल्याला शोधत होतो. बोडीत. पळी घेऊन.

डब्यात तीन किट उरल्या आहेत. तिघे तापाचे आले तर? जपून ठेवल्या. कारण पटण्यासारखं आहे. कारण पटण्यासारखं नाही.

१३ सप्टेंबर

आज किट आल्या. चाळीस. आता कारण उरलं नाही.

उद्या.

१४ सप्टेंबर

मच्छरदाणीत गुडघे पोटाशी घेऊन झोपलो. पूर्ण आत मावतो. टक्कलही, पायही. इतकंच करायचं होतं.

इतकंच —

१६ सप्टेंबर

उदाराम येऊन गेला. सून बरी आहे, शेतात जाऊ लागली, म्हणून माझे आभार मानले. पडवळ दिला. खाटेकडं बघत होता. बहुतेक मलाच तसं वाटतं.

फांदी त्यानं बरोबर जागी फिरवली होती. आणि मी त्याच्याबरोबर ओरडत — घेऊन जाय —

माझ्या अंगात ते आत्ता बसलं असेल. शांत. काही दुखत नाही. भूक लागते. दोन घास जास्तच —

१८ सप्टेंबर

रजिस्टरात दुरुस्ती केली. घर क्र. १४. माणसे चार. ४) गोवर्धन, वय ५१. बाहेरून मुक्कामी आलेले: एक.

पाचव्या नावाला जागा ठेवायची होती — डिसेंबरात —

१९ सप्टेंबर

दुपारी उमेंद्र तिला घेऊन आला. मोटरसायकलवर नाही, ऑटोनं. ती सपरीच्या पायरीवर बसली. आत गेली नाही. नकाशा बघितला. टिकल्या मोजल्या. स्वतःची नाही, हे तिच्या लक्षात आलं.

मी किट काढली. तिच्यापुढं खाली बसलो. सुई तिच्या हातात दिली आणि बोट पुढं केलं.

तिनं विचारलं, काऊन काकाजी?

मी म्हटलं, तुझं उधार होतं.

ती खूप वेळ माझ्या बोटाकडं बघत राहिली. मग टोचलं. हळू. मी तिला टोचलं होतं तसं नाही, कितीतरी हळू. कापसानं पुसलंही.

आता पंधरा मिनिटं. पट्टी तिच्याकडं आहे. वही माझ्याकडं.

पाच. पहिली रेघ आली. ती सगळ्यांचीच येते.

आठ. आत धुरपताबाई तांदूळ निवडते आहे. चौघांचे.

अकरा. लिहीत राहिलं की वर बघावं लागत नाही.

तेरा. अंजूनं पट्टी उजेडाकडं धरली आहे. एक रेघ, जा घरा. तिचे ओठ हलताहेत. मोजते आहे. पुन्हा मोजते आहे.

आता तिनं मान वर —