मी कायम मोकळाच असतो

रविवार, ४ मे. सकाळी साडेसात.
आजपासून अल्टिमेट फ्रिस्बी, म्हणजे तबकडी फेकण्या-झेलण्याचा सांघिक खेळ. टॅम्सिनच्या संघात एक माणूस कमी पडतोय. संघाचं नाव ‘ओले मोजे’. (बदलायला सांगणार.) टॅम्सिन कॅप्टन आहे आणि मी तिचा बाप. खरा कॅप्टन कोण, हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात येईलच.
जुलैत ती नोकरीसाठी डार्विनला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला जातेय. कायमची. त्याचा आणि माझ्या खेळण्याचा काहीएक संबंध नाही. व्यायाम म्हणून खेळतोय.
तरी एक लक्ष्य लिहून ठेवतो : ती जायच्या आत तिने फेकलेली एक तबकडी झेलायची. एकच. नऊ रविवार हातात आहेत. एक म्हणजे फारच कमी, पण सुरुवातीला माणसाने नम्र असावं.

त्याच दिवशी, दुपारी.
झेल : शून्य. कारण : वारा. शिवाय बूट.
टॅम्सिनने खेळ समजावला. समोरच्या गोलरेषेपलीकडे तबकडी झेलली की पॉइंट. तबकडी हातात असलेल्याने पळायचं नाही, म्हणून बाकीच्यांनी कुठे उभं राहायचं यालाच महत्त्व. मैदानाच्या मधोमध एकामागे एक रांग. दोन्ही बाजू रिकाम्या. रांगेतून एकाने रिकाम्या बाजूला पळायचं. मिळाली तबकडी तर मिळाली, नाही तर लगेच कडेकडेने परत रांगेच्या शेपटाला. म्हणाली, “रिकामी जागा हीच आपली सगळी कमाई आहे, डॅड.”
मला हसू आलं. एकतीस वर्षं मी होबार्टच्या रस्त्यांवर गाड्या लावायच्या जागांचे पट्टे आखले. जागा मला शिकवणार? तसं सांगितलं तिला. तर म्हणे, “डॅड, तुझ्या गाड्या उभ्या असतात रे.”

रविवार, ११ मे.
झेल : शून्य. पण मोकळा किती होतो! तबकडी टॅम्सिनच्या हातात गेली की मी तडक तिच्याकडे धावायचो, चार पावलांवर थांबून दोन्ही हात हलवायचो. जवळपास चिटपाखरू नाही. तरी ती माझ्या डोक्यावरून पेट्राकडे फेकते. पेट्राची बेकरी आहे. मी उंच उडी मारून तबकडीला हात लावला, ती खाली पडली. पेट्रा म्हणाली, “मर्व्ह, माझी होती रे ती!”
असं पाच वेळा झालं. पेट्राने उडी मारायला शिकलं पाहिजे.

रविवार, १८ मे.
‘उद्धट मेंढरं’ या संघाशी सामना. माझ्यावर पहारा द्यायला लायल नावाचा डेंटिस्ट होता. दहा मिनिटांत मला सोडून पेट्रावर गेला. घाबरला.
या खेळात पंच नसतो, सगळं आपापसात बोलून मिटवतात. म्हणून मी सरळ विचारलं, मला का सोडलंत? अत्यंत आदराने म्हणाला, “तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे.”
प्रतिस्पर्ध्याकडून असे शब्द! झेल : शून्य.

बुधवार, २१ मे.
दोष कुठे आहे ते सापडलं. रांगेला पट्टे नाहीत. परसात पांढऱ्या रंगाने सात चौकोन आखले, प्रत्येकाला नंबर. चार नंबरमध्ये पाऊण तास उभा राहिलो. अप्रतिम जमलं.

रविवार, २५ मे.
पहाटेच चुन्याची पिशवी घेऊन मैदानावर गेलो. माझा चौकोन आखला.
आता एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती. तबकडी पुढे गेली की रांगसुद्धा पुढे सरकते. मी शिस्तीत चौकोनात उभा, आणि सामना चाळीस मीटर पलीकडे. समोरच्या संघातल्या एका बाईने येऊन माझ्या खांद्यावर जॅकेट टाकलं. नंतर माफी मागितली, म्हणाली, खांब वाटला. जॅकेट मात्र तिथेच ठेवून गेली.
एकदाही चौकोन सोडला नाही. झेल : शून्य.

रविवार, १ जून.
गुडघा.

रविवार, ८ जून.
गुडघा. (आणि डोंगरावर हिवाळ्यातला पहिला बर्फ पडला. गार वाऱ्यात तबकडी वळते, हे सर्वांना माहीत आहे.)

रविवार, १५ जून.
खेळलो. झेल : शून्य. मग घरी चहाच्या वेळी टॅम्सिन बोलली. मुद्दाम हळू आवाजात, म्हणून जास्तच लागलं. म्हणाली, “डॅड, तू मोकळा असतोस कारण तू अशा ठिकाणी असतोस जिथे तुला काही देऊन उपयोग नसतो. दर वेळी माझ्या तोंडासमोर येऊन उभा राहतोस. मला पलीकडचं काही दिसतच नाही. जरा जागा मोकळी करत जा ना.”
मी? पोरीच्या वाटेत?
दोन तास बागेतलं तण उपटलं. थोडी पालकाची रोपंही गेली. निष्कर्ष : जायच्या गडबडीत तिच्या मनावर ताण आहे.

रविवार, २२ जून.
सेमीफायनल. मी आपणहून बाहेर बसलो, संत्री कापली. आपण जिंकलो, तेही सात पॉइंटने. योगायोग.

रविवार, २९ जून. फायनल.
क्रमाने लिहितो, कारण उद्या माझाच विश्वास बसणार नाही.
पुन्हा उद्धट मेंढरं. बारा-बारा. पुढचा पॉइंट घेईल तो जिंकला. तबकडी टॅम्सिनकडे. पाय आपोआप तिच्याकडे निघाले. ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या मैदानावरचे कुत्रेसुद्धा वळले : “डॅड! जागा मोकळी कर!”
बरं. करतो मोकळी. सगळ्या होबार्टला जागा होऊ दे. गर्रकन वळलो आणि कडेकडेने लांब धावत सुटलो. मागे पाहिलंच नाही. लायलही मागे आला नाही. पळता पळता राजीनामा द्यायचं ठरवलं, पत्राचा दुसरा परिच्छेद मनात तयार झाला, तेवढ्यात डाव्या खांद्यावरून एक तबकडी तरंगत आली. शेजारी तीन सामने चालू असतात, त्यांच्या तबकड्या सारख्या इकडे येतात. एका हाताने टिपली. काय टिपली!
मी रागातसुद्धा सभ्य माणूस आहे. लगेच ती शेजारच्या मैदानावर परत फेकली. सरळ रेषेत गेली. तिथला एक जण ओरडला, “थँक्यू, मेट!”
मग मागे वळलो. तेरा जण माझ्याकडे बघत होते. गोलची रेषा माझ्यापुढे दोन पावलांवर होती.
लायलने येऊन समजावलं, दाढ काढावी लागेल हे सांगतात तशा आवाजात. झेल उत्तम होता. तबकडी तुमच्याच मुलीची होती. आता ती मैदानाबाहेर गेली, म्हणजे आमची. तीन फेकीत त्यांनी पॉइंट केला. ते जिंकले.
शेवटी दोन्ही संघ रिंगण करून उभे राहतात आणि समोरच्या संघातला एक जण बक्षिसासाठी निवडतात. मेंढरांनी मला निवडलं, सौजन्याबद्दल. लोकरीची टोपी मिळाली, कानांसकट.
टॅम्सिन गवतावर तोंड झाकून बसली होती. मला वाटलं रडतेय. जवळ गेलो तर हसत होती. म्हणाली, “दोन महिन्यांत पहिल्यांदा मोकळा झालास रे तू. मी इतक्या आनंदाने फेकली!” मी म्हटलं, मी कायम मोकळाच असतो. पेट्राने मला बेकरीतला लॅमिंग्टन केक दिला आणि गप्प बस म्हणाली.
झेल : एक. लक्ष्य पूर्ण. रात्रीपर्यंत मला याचा आनंद का होत नाहीये, कळत नाही. बघायला हवं होतं. नुसतं वळून बघायला हवं होतं.

मंगळवार, १ जुलै.
टॅम्सिनला विमानतळावर सोडलं. तिथे माणसं उतरवायचा पट्टा आहे, दोन मिनिटांत निघायचं. तो मीच आखलाय, २०११ साली.
बॅगा काढल्या. तिने घट्ट मिठी मारली. मी डार्विनचं ऊन, टोपी, तिथल्या गाड्यांचे टायर याबद्दल बोलत राहिलो. मागे हॉर्न सुरू झाले. पिवळ्या जॅकेटवाला आला, म्हणाला, “अहो, पाच मिनिटं झाली. जागा मोकळी करा.”
टॅम्सिनने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. गाडीत बसलो आणि कडेकडेने निघालो.
या वेळी मात्र मागे बघत राहिलो. ती दोन्ही हात वर करून हलवत होती, मी तिच्यासमोर हलवायचो तसे. दारातून आत जाईपर्यंत पाहिलं.
गाडी समोरच्या प्लास्टिकच्या खांबावर आपटली. खांबाला काही झालं नाही. तोही २०११ साली मीच तिथे उभा केला होता.
चुकीच्या जागी उभा होता.