उजव्या डोळ्याला दिसलेला जांभळा

प्रिय मासोळी,

तुझ्या माशांच्या टाकीवर निळ्या दिव्यांची पट्टी परत लागली आहे. ही बातमी तुला आईकडून फोनवर कळली असती, पण यातलं एक अक्षर बोलायचं नाही असं मी तिला बजावलं होतं, आणि नवल म्हणजे तिने ते पाळलं. चौदा महिने तू फोन करतेस तो तिलाच. शेवटी 'बाबा बरे आहेत ना' एवढं विचारतेस, आणि मी शेजारच्याच खुर्चीत बसलेला असतो. तक्रार नाही करत. फोन माझ्या हातात आला असता तरी मी काय बोललो असतो? जेवलीस का, तिकडे थंडी आहे का. म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

पट्टी कपाटावर होती, तुझ्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली. मी ती काढली होती, फेकली नव्हती, एवढी माझ्या बाजूने नोंद कर. क्लिपांवर मीठ बसून त्यांचा दगड झाला होता. कोमट पाण्यात भिजवून दात घासायच्या जुन्या ब्रशने घासल्या. टोकांना सिलिकॉन लावून दिवसभर सुकू दिलं. पट्टी पाण्यापासून वीतभर वर, पांढऱ्या ट्यूबच्या पुढे बसवली. वायर बोर्डाकडे नेताना आधी खाली लोंबती सोडून मग वर वळवली, म्हणजे पाणी ओघळलं तर खालीच ठिबकेल, प्लगात शिरणार नाही. हे तूच सांगितलं होतंस. मी तेव्हा पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो, पण कान उघडे होते. झाकणाच्या आत तुझा कागद अजून चिकटलेला आहे: पहिला आठवडा उजेड वीस टक्के, दुसरा तीस, घाई करू नका, प्रवाळ भाजतात. 'घाई करू नका' याखाली दोन रेघा. त्या कोणासाठी मारल्यास हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी घाई केली नाही. आज सहावा आठवडा चालू आहे.

आता दुसरी बातमी. दोन महिन्यांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. उगाच घाबरू नकोस, सकाळी गेलो आणि जेवायला घरी होतो. तुला कळवू नको असं मीच म्हणालो, तेव्हा आई म्हणाली, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी सोडली आणि मी तिथेच डॉक्टरीणबाईंना विचारलं की माझा शर्ट कोणी बदलला. गेली तीन वर्षं जो मी राखाडी समजून घालत होतो, तो चक्क निळा. आईने कपाळाला हात लावला. मग घरी येताना रिक्षात तिने मला असा धुतला की विचारू नकोस. तीन वर्षं मी तिच्या धुण्याला नावं ठेवत होतो ना, की चादरी पिवळ्या पडल्यात, तू साबण बदल. चादरी पांढऱ्याशुभ्र आहेत, पोरी. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात, माझी कावीळ डोळ्यातल्या भिंगात होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ते भिंग वयानुसार चहासारखं होत जातं आणि त्यातून निळा, जांभळा आतपर्यंत पोचतच नाही. माणसाला पत्ता लागत नाही, कारण हे एका दिवसात होत नाही.

घरी आलो, चपलाही न काढता टाकीसमोर गेलो. तुझा तो कोपऱ्यातला भांडकुदळ मासा आठवतो ना, ज्याला मी काळू म्हणायचो? मला वाटायचं की काळ्या माशाला दुसरं काय म्हणणार. तू हसायचीस, तुला वाटायचं बाबा चेष्टा करतात. काळू निळा आहे. शाईच्या दौतीसारखा निळाशार. मी स्टुलावर बसलो तो उठलोच नाही. आईला वाटलं चक्कर आली, तिने पाणी आणलं. मला चक्कर आली नव्हती, मला तुझी ती प्रवाळाची फांदी आठवली होती.

त्या आठवड्याबद्दल आपण कधी नीट बोललोच नाही, नुसते भांडलो. म्हणून माझ्या बाजूचं एकदा सगळं सांगतो. तू निळी पट्टी लावलीस तेव्हा मला टाकीत अंधार झाल्यासारखं वाटलं. खरंच सांगतो, खोड काढायची म्हणून बोलत नव्हतो. समुद्रात खाली निळाच उजेड पोचतो, प्रवाळ त्याच्यावरच जगतात, हे तू मला चित्र काढून समजावलंस. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, पोरीने दिव्याच्या नावाखाली काजळी आणली. मग तू मुलाखतीसाठी आठ दिवस गेलीस आणि टाकी माझ्या हवाली केलीस. दोन वर्षं बोटाएवढ्या तुकड्यापासून वाढवलेली तुझी फांदी, तिची टोकं आधी मलईसारखी होती, ती मला काळपट तपकिरी दिसायला लागली. सडलं एक की सडतात सगळी, हे मासेवाल्याकडून ऐकलेलं. मी दगडासकट फांदी उपटली आणि कचऱ्यात टाकली. पट्टी खाली उतरवली. मला वाटत होतं, मी तुझी टाकी वाचवली.

तू आलीस, बॅग खांद्यावर तशीच होती, आणि तू विचारलंस की ती कुठे आहे. मी म्हणालो, मेली. तू म्हणालीस की टोकं जांभळी होत होती, त्याचीच तर वाट बघत होते. मोबाइलवरचा फोटो दाखवलास. मी म्हणालो, हा मोबाइलचा खेळ आहे, चौतीस वर्षं कारखान्याच्या रंगखात्यात कापडाचे रंग जुळवले, मला तू जांभळा शिकवतेस? मग तू शांतपणे म्हणालीस की बाबा, तुमच्या हातून तुटली असेल तर तसं सांगा, मी काही बोलणार नाही, पण खोटं बोलू नका. ते मला झोंबलं. मी तुला घरातून जा म्हणालो नाही, पण दहा दिवसांनी तू नोकरीवर निघालीस तेव्हा दारापर्यंतही आलो नाही.

पट्टी परत लावायची ठरवली ती त्या दिवशी, काळूसमोर बसून. आणि तुला लिहायचंही तेव्हाच ठरवलं. दोन महिने लागले, कारण लिहिण्यासारखी गोष्ट सोपी होती: डोळ्यात दोष होता, बाबाचा काय दोष. तू लगेच माफही केलं असतंस. पण ते पूर्ण खरं नाही, आणि अर्धं सांगून तुझ्याकडून माफी घेतली तर तू मला खोटं बोलू नका म्हणालीस ते खरं ठरेल.

मी नोकरी पाय दुखतात म्हणून लवकर सोडली असं तुम्हाला दोघींना सांगितलं. माझे पाय ठणठणीत आहेत. शेवटच्या वर्षी माझ्या सहीचे कापडाचे तीन लॉट परत आले. तिन्ही निळे. मी म्हणालो, नमुने बघायच्या खोलीतले दिवे खराब झालेत. नाचता येईना अंगण वाकडं. दिवे बदलले, तरी चौथा परत आला. माझा जोडीदार, तो टक्कल पडलेला, तुझ्यासाठी चिंध्यांचे गठ्ठे पाठवायचा तो, नंतर प्रत्येक निळा नमुना माझ्या आधी गुपचूप बघायचा आणि मला चिठ्ठीवर छटेचा आकडा लिहून द्यायचा. एक शब्द बोलला नाही बिचारा. मी पण नाही. राजीनामा दिला आणि पायावर ढकललं. म्हणजे ज्या दिवशी तू मोबाइल माझ्यासमोर धरलास, त्या दिवशी मला माहीत होतं की निळ्याच्या बाबतीत माझा डोळा भरवशाचा नाही. तरी मी तुझ्यासमोर चौतीस वर्षं काढून दाखवली. कारण तेवढं एकच माझ्याकडे उरलं होतं, आणि ते तुझ्यासमोर तरी शाबूत असावं असं वाटत होतं. मी फांदीबद्दल खोटं बोललो नव्हतो, स्वतःबद्दल बोललो. मला माफ कर, बाळा. आईला हे मी काल सांगितलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली की पाय दुखतात म्हणून वर्षभर मी तेल चोळलं, त्याचं काय?

आता शेवटचं, ज्याच्यासाठी खरं तर लिहितोय. मागच्या महिन्यात काचेवरचं शेवाळ काढताना मागच्या खडकाच्या खोबणीत नखाएवढा एक तुकडा दिसला. मी उपटली तेव्हा मोडून पडला असणार, आणि चौदा महिने तिथेच खडक धरून बसलाय. तेव्हा तपकिरी होता. गेल्या रविवारपासून टोकाला वेगळा दिसतोय. डावा डोळा झाकला की टोक जांभळं वाटतं, उजवा झाकला की तेच काळपट, मेलेलं. दिवसातून दहा वेळा मी असा डोळे मिचकावत उभा असतो, आई म्हणते शेजारी काय म्हणतील. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन खरं तर कालच व्हायचं होतं. डॉक्टरीणबाईंना सांगून ते मी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेवर ढकललं आहे. त्या रागावल्या, पण त्या डोळ्यातलं जुनं भिंग गेलं की फांदी उपटली त्या दिवशी मला काय दिसलं होतं ते परत दिसणार नाही, आणि ते एकदा तू शेजारी असताना बघायचंय. तुकड्याला मी हात लावलेला नाही. वीसच्या आधी दोन दिवस काढून ये, आणि तो कोणत्या रंगाचा आहे ते मला सांग. तू सांगशील तोच रंग मी धरीन.

वाट बघणारा,
तुझाच, सध्या दीड डोळ्याचा
बाबा