शून्य किमतीचा हात

माझ्या चिरंजीवांनी गेल्या महिन्यात 'घरगुती वाटणीबाबत टिपण' या नावाचा साडेतीन पानी मजकूर सर्व नातेवाइकांना पाठविला. त्यात असे म्हटले आहे की, मी माझा भूखंड विकून कन्येला ललितकलेची पदवी मिळवून दिली, ती पदवी हाच तिचा हिस्सा होता व तो तिला पोचला. सबब राहते घर एकट्या चिरंजीवांचे. हे विधान खोटे आहे. ते चुकून खोटे आहे की ठरवून, याविषयी मला संशय आहे आणि तो मी राखून ठेवीत आहे. टिपणात 'किंमत' हा शब्द तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिला असून त्यांपैकी एकही प्रकार बरोबर नाही.

म्हणून मी, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त वजनमापे निरीक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वतःच्या पेनाने व कोणाच्याही सांगण्यावाचून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे डॉक्टर चिरंजीवांच्या ओळखीचे नाहीत, याची खात्री मी आधी करून घेतली. तरीही ज्यांना शंका असेल त्यांनी दाखला बाजूला ठेवावा आणि या मृत्युपत्रातील वाक्यरचना तपासावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तसे एखादे सापडल्यास ते बनावट समजावे.

कलम १. राहते घर, म्हणजे खालच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, वरच्या दोन खोल्या व गच्ची, चिरंजीव आणि कन्या यांना समसमान, कलम ५ च्या अधीन राहून. जागेचे व्यवहार करणारे एक दलाल मे महिन्यात चिरंजीवांबरोबर 'सहज चहाला' आले होते. मी डोळे मिटून आरामखुर्चीत असताना त्यांनी पुढची खोली टेपने मोजली. ते हात धुण्यास गेले तेव्हा मी टेप माझ्या पट्टीशी लावून पाहिली. ती बरोबर निघाली. त्यामुळे माझा संशय वाढला, कारण बरोबर टेप घेऊन कोणी सहज चहाला येत नाही.

कलम २. बँकेतील ठेव दोघांना समसमान. तिच्याविषयी आधी कोणी विचारले, हे मला माहीत आहे; तरीही समसमान.

कलम ३. आता टिपणातील मुख्य मुद्दा. चौतीस वर्षे तराजू तपासण्याची माझी पद्धत एकच होती. दुकानदार माल तोलून दाखवी, काटा मध्यावर येई आणि तो माझ्याकडे पाहून हसे. मग मी त्याला माल वजनांच्या पारड्यात व वजने मालाच्या पारड्यात ठेवायला सांगे. दांडीची एक बाजू गुपचूप लांब केलेली असेल, तर तराजू तेथे उघडा पडतो.

चिरंजीवांनी एका पारड्यात कन्येची पदवी व दुसऱ्यात अर्धे घर ठेवून काटा मध्यावर आणला आहे. मी कन्येची पदवी उचलून तेथे त्यांची स्वतःची ठेवतो. त्यांची पदवी व्यवस्थापनशास्त्राची आहे. भूखंड विकला तो त्या पदवीसाठी; कन्येची तेव्हा बारावीही झाली नव्हती. त्यांचे व्यवस्थापन आज सासऱ्यांच्या पडद्यांच्या दुकानात चालते. दुकान उत्तम आहे. ते पदवीमुळे उत्तम आहे की सासऱ्यांमुळे, हे तोलण्याचे साधन मजजवळ नाही. परंतु पदवी म्हणजे हिस्सा, हा त्यांचा नियम मानला तर हिस्सा दोघांनाही पोचला आणि घर पालिकेला द्यावे लागेल.

कन्येचे पहिल्या वर्षाचे शुल्क माझ्या पगारातून गेले. पुढे तिला शिष्यवृत्ती मिळाली व उरलेला खर्च तिने दुकानांच्या पाट्या रंगवून भागविला. त्यांपैकी बऱ्याच पाट्यांवरचे शुद्धलेखन मी रंग वाळण्यापूर्वी दुरुस्त केले.

त्या पदवीचे पुढे काय झाले, हा प्रश्न टिपण निघण्याच्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर निघाला. मी आतल्या खोलीत होतो आणि दार लोटलेले होते, लावलेले नव्हते.

"छोटे, तुझं तुला मिळालंय," चिरंजीव म्हणाले. "चार वर्षं चित्रं काढलीस ना बाबांच्या पैशावर?"

"चित्रं नाही रे दादा, पुतळे."

"तेच ते. आता काय करतेस? कान विकतेस."

"विकत नाही. बसवते."

"अहो, हळू बोला, बाबांना ऐकू जाईल," सूनबाई म्हणाल्या.

"जाऊ दे की वहिनी. कमी ऐकू येत असेल तर मी एक बसवून देईन." मग कन्या हसणे थांबवून म्हणाली, "घे रे दादा घर. मला नको भांडण."

हे वाक्य मला पसंत पडले नाही. काही न मागणाऱ्या माणसाकडे मी नोकरीत नेहमी दुसऱ्यांदा पाहत असे. तिच्याजवळ सोडून देण्याइतके खरोखरच काही आहे, की नुसता तोरा आहे, हे पाहण्यासाठी मी पूर्वसूचना न देता तिच्या कामाच्या जागी गेलो. रुग्णालयाच्या तळमजल्यावर अपघातात किंवा आजारात गेलेले कान, नाक व बोटे कृत्रिम बनवून देण्याचा विभाग आहे. मी टोपी पुढे ओढून बाकावर बसलो. माझ्या शेजारी एक बसचालक होते. त्यांना डावा कान नव्हता आणि चष्मा दोरीने बांधलेला होता.

त्यांना आत बोलावले व दार उघडेच राहिले. कन्या त्यांना म्हणाली, "काका, जरा उजवीकडे वळा. हा बघा, रंग जुळतोय का?"

"रंग ठीक आहे हो ताई, पण फार नवा दिसतोय. माझा हा कान बघा, साठ वर्षं उन्हात वाळलाय. जोडी लागली पाहिजे."

"म्हणजे सुरकुत्या पाहिजेत?"

"आणि केसही दोन-चार. बायकोला शंका यायला नको."

त्यावर कन्येने दिव्याखाली कितीतरी वेळ बारीक कुंचल्याने काम केले. ते चष्मा दोन्ही कानांवर लावून बाहेर आले. मी त्यांच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिले. कोणता कान कोणता, हे मला आधीपासून माहीत होते म्हणूनच ओळखता आले. माझी तपासणी संपली. तिचा पगार चिरंजीवांच्या कमाईपेक्षा पुष्कळ कमी आहे, हेही मी मान्य करतो. टिपणातील तेवढे वाक्य खरे आहे.

कलम ४. पितळी वजनांचा संच कोपऱ्यावरील किराणा दुकानदारांस. त्यांचा तराजू मी दोनदा जप्त केला होता. ही देणगी उपरोधिक नाही. शब्दकोश सूनबाईंस, कारण या घरात माझ्याखेरीज 'किंमत' हा शब्द त्या एकट्याच नीट लिहितात. चिरंजीवांनी मागितल्यास वाचायला द्यावा. पाने दुमडू देऊ नयेत.

कलम ५. टिपणासोबत घरातील वस्तूंची यादी आहे. तिच्यात कपाट, घड्याळ व शिवणयंत्र यांच्या किमती बाजारभावाहून थोड्या चढवून लिहिल्या आहेत. एका ओळीत मात्र असे आहे : 'प्लास्टरचा हात, एक नग, शून्य.'

हा माझ्या दिवंगत पत्नीचा उजवा हात आहे. कन्येला पदवीच्या दुसऱ्या वर्षी 'मानवी हात' हा विषय दिला होता. तिने आईचा हात ओल्या साच्यात धरून ठेवला आणि पत्नी तक्रार करीत राहिली : "किती वेळ गं? अहो, तुम्ही तरी दूध बघा. हिचं होईपर्यंत माझा हात हिच्या कॉलेजातच राहायचा." प्राध्यापकांनी या कामाला जेमतेम उत्तीर्ण होण्याइतके गुण दिले, कारण बोटे 'भावहीन' होती. त्या बोटांना त्या वेळी दुधाची काळजी होती. साचा पुढे फुटला, त्यामुळे दुसरा हात होणे नाही.

यादी करण्याच्या दिवशी मी झोपलो आहे असा चिरंजीवांचा समज होता. त्यांनी तो हात फडताळातून काढला व खिशातल्या रुमालाने पुसला. मग आपली बोटे त्याच्या तळव्यात ठेवून ते काही वेळ तसेच उभे राहिले. नंतर हात जागेवर ठेवला आणि 'शून्य' लिहिले.

बाजारात आयुष्य घालविल्यामुळे मला इतके कळते की, जो वस्तूची किंमत पाडतो त्याला ती हवी असते. चिरंजीवांविषयी माझा सर्वांत पक्का संशय हाच आहे.

म्हणून पुढीलप्रमाणे करावे. माझ्यामागे तीस दिवसांच्या आत चिरंजीवांनी साक्षीदारांसमक्ष या हाताची किंमत स्वतःच्या अक्षरात लिहावी. घरात त्या पदवीचे हे एकच काम असल्याने हातासाठी लिहिलेला आकडा हीच पदवीची किंमत समजावी. चिरंजीवांच्या नियमानुसार ती कन्येच्या हिश्श्यातून वजा करून चिरंजीवांस द्यावी. हात चिरंजीवांनी घ्यावा व त्याची किंमत, म्हणजे तीच रक्कम, कन्येस द्यावी. आकडा कितीही मोठा असला तरी घर अर्धे-अर्धेच राहील. पुन्हा शून्य लिहिल्यास वजा करण्यासारखे काही उरणार नाही. घर तेव्हाही अर्धे-अर्धेच राहील आणि हात कन्येकडे जाईल.

मग किंमत लिहून घ्यायचीच कशाला, असे चिरंजीवांचे सल्लागार विचारतील. ज्या आकड्याने पैशाचा नफा नाही व तोटा नाही, तोच आकडा माणूस खरा लिहितो. तो मला वाचायचा होता, पण तेव्हा मी नसेन. तो कन्येने वाचावा.

हे मृत्युपत्र मी माझ्या घराच्या पुढच्या खोलीत, दार आतून लावून, दिनांक ९ ऑगस्ट २०२३ रोजी वाचून, दोन ठिकाणी विरामचिन्हे दुरुस्त करून, प्रत्येक पानावर सही केली आहे.

सही : मृत्युपत्रकर्ता
साक्षीदार व व्यवस्थापक : शेजारचे दंतवैद्य (सही स्वतःच्या पेनाने केली)
साक्षीदार : ग्रंथालयाच्या निवृत्त ग्रंथपाल (सहीपूर्वी सर्व पाने वाचली, एक स्वल्पविराम सुचविला, मान्य)

परिशिष्ट : टिपणातील चुकीच्या तारखा व त्यांची दुरुस्ती

भूखंडाची विक्री. टिपणात : जुलै १९९६. खरी : १२ जून १९९५.

चिरंजीवांचा व्यवस्थापनशास्त्रास प्रवेश. टिपणात : उल्लेख नाही. खरी : २६ जून १९९५.

कन्येचा ललितकलेस प्रवेश. टिपणात : जून १९९५. खरी : ८ जुलै १९९६.

कन्येची नोकरी. टिपणात : 'अलीकडे'. खरी : ३ मार्च २००३ पासून, अखंड.

आईच्या हाताचा साचा. टिपणात : 'आईच्या शेवटच्या आजारपणात'. खरी : १६ नोव्हेंबर १९९७, रविवार. ती त्या दिवशी ठणठणीत होती. दूध उतू गेले. ते कोणी पाहायचे होते, याची नोंद येथे आवश्यक नाही.