वर बांधलेली भांडी

९ एप्रिल

आज एकवीस मेल्या! पत्रे असे तापतात की शेडमध्ये उभं राहवत नाही. कोंबड्या पंख पसरून, चोची उघड्या टाकून बसतात – शाळेत छडी खाण्याआधी आमची तोंडं अशीच व्हायची. बहीण पहाटेपासून पोती भिजवून जाळीला लावते. विधवा झाल्यापासून, बारा वर्षं, ती शेडला लागूनच्या खोलीत राहते; पक्षी तिच्याच हातचे.

मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्या कविता म्हणून दाखवा त्यांना. उकाड्याआधी कंटाळ्यानं मरतील." सूनबाई तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो. काय करणार!

१० एप्रिल

गुरांचे डॉक्टर म्हणाले, पुदिना, आवळा, कोरफडीचा अर्क पाण्यातून दिला तर पक्षी उष्मा सोसतात. अर्धी शेड मागून घेतली. मधे जाळी, डावीकडे माझा काढा, उजवीकडे साधं पाणी.

मुलगा – "आठ दिवस. जमलं नाही तर शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही."

१४ एप्रिल

माझ्याकडे चार, तिकडे तेरा! तिकडे मेलेल्या मोजताना मला हसू फुटत होतं – देवा, हसू!

जेवताना मुलगा म्हणाला, "बाबांच्या काढ्यात दम आहे हं." किती वर्षांनी माझ्याकडे बघून बोलला. ताट तसंच राहिलं.

संध्याकाळी बहिणीबरोबर चौथीतली पाखरांची कविता म्हटली. तिसरी ओळ मला कधीच आठवत नाही. ती म्हणते, मग मी पुढे जातो. साठ वर्षं हेच.

१५ एप्रिल

अर्क दुप्पट केला.

१६ एप्रिल

भांडी भरलेली तशीच. बहीण म्हणते, "कडू लागतं रे दादा त्यांना. पातळ कर."

तिला काय कळतंय! चौथीनंतर शाळा सुटलेली. मी म्हटलं, लस पाजायची असली की दोन तास पाणी बंद ठेवतोच ना? तहानले की मुकाट पितील.

"लस पहाटे देतात, दादा. या उन्हात नाही."

सगळ्यात शहाणी तीच!

१७ एप्रिल

सूनबाईनं बहिणीला गाद्या उन्हात घालायला घरी बोलावलं. बरंच झालं. बारा वाजता माझ्या बाजूची सगळी भांडी दोरीनं वर ओढून बांधली. दोनला काढा भरून उतरवायची. तोवर पोत्यांच्या ढिगावर टेकलो, चौथीचं पुस्तक उघडलं. तिसरी ओळ शोधत होतो. डोळा लागला.

जाग आली ती बहिणीच्या किंचाळण्यानं. चार वाजलेले. डावीकडे पांढरी चादर अंथरल्यासारखं. कित्येक जणी भांड्यांच्या खालीच, एकमेकींवर चढून मेलेल्या.

गाठी तिनंच सोडल्या. माझी गाठ ती ओळखते – तिच्या वेणीची रिबीन मीच बांधायचो.

मुलगा आला. "आत्या, भांडी वर कुणी बांधली?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे.

"हल्ली फार विसरते ती," कुणीतरी म्हणालं. मीच म्हणालो. मीच!

ती वाकून मेलेल्या पोत्यात भरू लागली.

१९ एप्रिल

गेली. मुलानंच धाडली – दूरच्या नणंदेकडे, एक पेटी घेऊन. "तिथं तिला कोण विचारतंय," असं सूनबाईच म्हणाली, आणि खिडकीतून हातही हलवला.

फाटकाशी मी विचारलं – का विचारलं असेन! – "तिसरी ओळ काय गं?"

ती म्हणाली, "उजवीकडची पोती दुपारी पुन्हा भिजव, दादा. विसरशील."

२० एप्रिल

मुलानं माझा पलंग तिच्या खोलीत आणून टाकला. वर तेच पत्रे. म्हणाला, "आता पक्षी तुम्हीच बघा, बाबा. त्या दिवशी भांडी बांधताना पाहिलं मी तुम्हाला. वाटलं, काढ्याचाच काही प्रकार असेल. आत्याला कसं घालवायचं, हाच प्रश्न होता – तुम्ही सोपं केलंत."